पल्सर १५० वर बिग बोअर किट किंवा १८० चा ब्लॉक: टिकतं का हो?

एमएच०९_भटक्या
नमस्कार मंडळी. गाडी पल्सर १५०, जुनी, कार्बोरेटरची. सकाळी स्टार्ट केली की निळा धूर मारते, ऑइल प्यायला लागलीय. पिस्टन-रिंगांचं काम आलंच आहे. मिस्त्री म्हणतोय, ब्लॉक (म्हणजे सिलिंडर) खोलणारच आहे तर पल्सर १८० चा ब्लॉक चढवू, नाहीतर बिग बोअर किट (मोठ्या व्यासाचा सिलिंडर-पिस्टन) मागवा. ऑनलाइन बघितलं तर ब्लॉक, पिस्टन, रिंगा, पिन, गॅस्केट सगळं एकाच खोक्यात मिळतंय. खालच्या प्रतिक्रिया वाचल्या तर एक म्हणतो नाद खुळा, दुसरा म्हणतो महिन्याभरात इंजिन वाजायला लागलं.

माझा वापर सांगतो. रोज गोकुळ शिरगावला ड्युटी. अधूनमधून गगनबावड्याकडनं खाली कोकणात, मागं आमची मंडळी आणि एक बॅग. मला १३० चा स्पीड नको. घाटात सारखं दुसऱ्या गियरवर यायला लागू नये एवढंच. कुणी केलंय का? टिकलं का? वरचं बदलल्यानं खालचं क्रँक, बेअरिंग जातं का?

ढब्बू_मिरची
भावा, इचारतोस काय, करून टाक! माझ्या गाडीवर १८० चा ब्लॉक हाय. पिकअप असला की पन्हाळ्याच्या चढाला चौथ्यावर गाणी म्हणत जातीया. किट-बिट मागवू नको, कंपनीचा ब्लॉक घे, चढव, मोकळा हो. आणि तो एअर फिल्टरचा डबा काढून टाक, उघडा कोन फिल्टर लाव. जाळ आन धूर संगटच.

साळवणकर
ढब्बूशेठ, धूर तर त्याचा आत्ताच निघतोय, तोच बंद करायचाय त्याला.

बोअरगेज
कोल्हापुरात उद्यमनगरात बोअरिंग-होनिंग (सिलिंडर आतून मोठा करणं आणि घासून मापात आणणं) हेच माझं काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. 'टिकतं का' याला हो किंवा नाही असं उत्तर नाही. सीसी वाढले म्हणून इंजिन सहसा मरत नाही. घाईत मारलेला बोअर, उघडा फिल्टर आणि पातळ मिक्स्चर (हवा जास्त, पेट्रोल कमी), या तिघांपैकी कोणीतरी त्याला मारतं. आणि नाव किटचं खराब होतं.

आधी कंपनीनं काय केलंय ते बघा. जुन्या पल्सर १५० चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ५६.४, म्हणून १४९ सीसी. (अगदी सुरुवातीच्या १५० ला बोअर ५७ होता, तुमची कुठली ते आधी बघा.) १८० ला बोअर ६३.५, स्ट्रोक तोच ५६.४, म्हणून १७८.६. पुढं २०० आली, तिचा बोअर ६७, स्ट्रोक परत ५६.४. २२० मध्ये मात्र बोअर ६७ च ठेवून स्ट्रोक ६२.४ केला. म्हणजे १५० ते २०० हा सगळा खेळ कंपनीनं बोअर वाढवूनच खेळलाय. पण २०० ला त्यांनी ऑइल कूलर दिला, हे लोक विसरतात. मोठ्या बोअरची उष्णता कुठं तरी न्यायला लागते हे त्यांना ठाऊक होतं.

आता खालच्या इंजिनाचं. स्ट्रोक तोच असेल तर पिस्टनचा वेग वाढत नाही. ८५०० आरपीएमला ५६.४ च्या स्ट्रोकवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १६ मीटरच्या आसपास येतो, बोअर ५८ असो की ६३.५. वाढतं ते दुसरंच. पिस्टनचं क्षेत्रफळ २० टक्क्यांनी वाढतं, म्हणजे तेवढ्याच दाबाला कनेक्टिंग रॉड आणि बिग एंड बेअरिंगवर (रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) २० टक्के जास्त जोर. हेडच्या स्टडवरही तेवढाच. वर पिस्टन जड आला तर प्रत्येक फेरीला तो थांबवायचा आणि परत पळवायचा भार वेगळा. सिंगल सिलिंडरचा क्रँक मूळ पिस्टनच्या वजनाला धरून बॅलन्स केलेला असतो. म्हणून जुना आणि नवा पिस्टन पिन-रिंगांसकट घ्या आणि गुजरीत ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर तोलून बघा. हसू नका, आमची गिऱ्हाइकं हे करतात. फरक थोडा असेल तर चालून जातं. बराच असेल तर ठरावीक आरपीएमला हँडलला आणि फूटरेस्टला मुंग्या येणारच, आणि बेअरिंगचं आयुष्य त्या प्रमाणात कमी.

आणखी एक. खालचं बेअरिंग आधीच ढिलं असेल तर त्यावर मोठा बोअर चढवू नका. ब्लॉक निघाल्यावर रॉड हातानं वर-खाली हलवून बघा. आजूबाजूला थोडा हलला तर चालतं, तसा तो हलायचाच. वर-खाली जरा जरी टकटक लागली तर क्रँकचं काम आधी.

एमएच०९_भटक्या
बोअरगेजदादा, मनापासून आभार. मग ऑनलाइन किटमधले ब्लॉक खराबच असतात का? आणि उघडा फिल्टर का नको?

बोअरगेज
सगळे खराब नसतात. पण खोक्यातनं काढला आणि चढवला असं कधीच करू नका.

मध्यंतरी एक पोरगा असाच किटचा ब्लॉक घेऊन आला. चकचकीत, वरनं बघितलं तर काही खोट नाही. डायल बोअर गेज (आतला व्यास मोजायचं काट्याचं यंत्र) आत सोडला. वरच्या कडेखाली काटा शून्यावर धरला आणि गेज हळूहळू खाली नेला, तर काटा चार रेघा सरकला. माझ्या डायलवर एक रेघ म्हणजे ०.०१ मिमी. म्हणजे ब्लॉक खाली ०.०४ नं मोठा, नवाकोरा असताना! पिस्टन मोजला. तो पिनेच्या काटकोनात, स्कर्टवर मोजायचा असतो, कारण पिस्टन मुळात पूर्ण गोल नसतोच. मग लक्षात आलं की वरच्या बाजूला फटच जवळजवळ नाही आणि खाली नको इतकी. अशा ब्लॉकमध्ये पिस्टन गरम झाला की वर धरतो आणि थंड असताना खाली खडखडतो. लोक म्हणणार, बिग बोअर टिकत नाही. तोच ब्लॉक होन करून, मापात आणून दिला.

साध्या कास्ट पिस्टनला या बोअरमध्ये फट साधारण ०.०३ ते ०.०५ मिमी लागते. फोर्ज्ड पिस्टन असेल तर जास्त, कारण तो जास्त फुगतो. त्यातही कमी सिलिकॉनचा २६१८ मिश्रधातू ४०३२ पेक्षा जास्त फुगतो. किटवाल्यानं कागद दिला असेल तर त्यावरचं माप पाळायचं. कागदच नसेल तर किट परत करा, सरळ. रिंग बोअरमध्ये घालून तिचं तोंड (दोन टोकांमधली फट) फीलर गेजनं मोजा. ६३ च्या बोअरला पाव मिलिमीटरच्या आसपास असावं. फट कमी पडली तर गरम झाल्यावर रिंगेची दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात आणि सिलिंडरवर ओरखडे काढतात.

जुनाच ब्लॉक फाडून मोठा करायचा विचार असेल तर स्लीव्हची (ब्लॉकच्या आतली लोखंडी नळी) जाडी बघा. बाजारात ओव्हरसाइज पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिमी असे मिळतात, तिथपर्यंत ठीक. त्यापुढं स्लीव्ह पातळ झाली की ती पत्र्याच्या डब्यासारखी वागते, स्टड आवळले की अंडाकृती. टेबलावर मोजताना गोल, गाडीवर चढल्यावर नाही. म्हणून शहाणा कारागीर वर टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) आवळून मगच होन करतो.

फिल्टरचं साळवणकर सांगतील, त्यांच्या रस्त्याची धूळ त्यांना माहीत.

साळवणकर
सांगतो की. हंगामात कळे ते गगनबावडा रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागं चालवून बघा. पाचट, माती, साइडपट्टीची खडी, सगळं तोंडात. तेच इंजिनाच्या तोंडात जातं. धुळीत वाळू असते, वाळू रिंगेपेक्षा कडक. स्वस्तातल्या उघड्या कोन फिल्टरमधनं आत गेली की ऑइलशी मिसळून पॉलिश पेपरचं काम करते. आमच्या गावात एकाचं काम असंच गेलं. बोअर चांगला होता, पिस्टन कंपनीचा होता, फिल्टर मात्र दिसायला भारी. हंगाम संपेपर्यंत गाडी परत धूर मारायला लागली. मूळ डबा ठेवा, आत कंपनीचा फिल्टर ठेवा आणि डबा ते कार्बोरेटर मधला रबर फाटलाय का बघा. तो फाटका रबर कुणी बघतच नाही.

घाटाबद्दल एक. आपण कोल्हापूरकर घाटमाथ्यावरचे. जाताना करूळ घाट उतरायचा असतो, चढायचा येताना. म्हणजे दुपारची कोकणातली दमट उष्णता, मागं माणूस, बॅगेत आंबे-काजू, आणि एअर कूल्ड इंजिन कमी वेगात जास्त लोडवर. वारा नाही आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. मोठ्या बोअरची खरी परीक्षा तिथं होते, पन्हाळ्याच्या चढाला नाही.

रंकाळ्याचा_वारा
आमच्या आरएक्स १०० ला १३५ चा ब्लॉक आहे, वर्षानुवर्षं चाललाय. आरएक्स १०० चा बोअर-स्ट्रोक ५० बाय ५०, १३५ चा ५८ बाय ५०. त्यामुळे बिग बोअर टिकत नाही असं म्हणणाऱ्यांनी आमच्याकडं यावं.

बोअरगेज
आरएक्सचं गणित वेगळं. टू स्ट्रोकमध्ये हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत, ऑइल पेट्रोलबरोबर येतं. तिथं पोर्टचं टायमिंग, पोर्टच्या कडा घासून मऊ केल्यात का, आणि टू-टी ऑइलचं प्रमाण हे महत्त्वाचं. शिवाय ५८ ची स्लीव्ह बसवायला क्रँककेसचं तोंड मापात आहे का ते बघावं लागतं. ते हातानं फाइलनं मोठं करणारे महाभाग मी बघितलेत. ॲल्युमिनियमचा कीस क्रँकच्या बेअरिंगमध्ये गेला की काम संपलं. तुमचं टिकलंय म्हणजे करणारा हात चांगला होता. पण त्यावरनं फोर स्ट्रोकचा निष्कर्ष काढू नका.

पुण्यात_अडकलेला
मूळचा शाहूपुरीचा, सध्या पुण्यात. माझ्याकडे आर१५ आहे. तिलाही असं करता येईल का?

बोअरगेज
नको. तिचा सिलिंडर डायसिल म्हणजे जास्त सिलिकॉनचा ॲल्युमिनियम, आत लोखंडी स्लीव्हच नाही. साध्या बोअरिंग मशीनवर तो मोठा करायचा नसतो. ड्यूक ३९० सारख्या गाड्यांत आत निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप असतो. तो लेप भयंकर टिकतो, पण एकदा ओरखडला की परत लेप द्यायला पाठवावा लागतो आणि डायमंड होनिंगच लागतं. तिथं पूर्ण नवा लेपाचा सिलिंडर मिळत असेल तरच बोला.

ढब्बू_मिरची
लई अभ्यास झाला राव. माझी चालतीया की उघड्या फिल्टरवर.

बोअरगेज
ढब्बू, ऑइल बदलताना ड्रेन नटाचं चुंबक बघा आणि ऑइल काचेच्या बाटलीत उन्हात धरा. चमक दिसली तर या भेटायला. चहा माझा.

एमएच०९_भटक्या
१८० चा ब्लॉक घेतला तर हेड माझंच राहील. त्याचं काय?

बोअरगेज
मुद्द्यावर आलात. हेड तेच ठेवलं तर कॉम्प्रेशन (मिक्स्चर किती पट दाबलं जातं ते) वाढतं. समजा मूळ कॉम्प्रेशन ९.५ धरलं, तर १४९ सीसीला वरची मोकळी जागा साधारण १७.५ सीसी. तेवढ्याच जागेत आता १७८.६ सीसी दाबायचे, म्हणजे कॉम्प्रेशन ११.२ च्या घरात. एअर कूल्ड, कार्बोरेटरच्या गाडीला घाटात हे जड जातं. नॉकिंग सुरू होतं, चढाला आतनं खडे वाजल्यासारखा आवाज येतो. तो आवाज ऐकूनही थ्रॉटल पिळत राहिलात तर पिस्टनच्या रिंग लँड (रिंगांच्या खाचांमधल्या कडा) तुटतात. म्हणून नुसतं सीसी विचारू नका. पिस्टनचा माथा सपाट आहे की खोलगट, व्हॉल्व्हसाठी खाचा आहेत का, हेडची जागा किती, हे विचारा. पिस्टनवर मातीची गोळी ठेवून, हेड आवळून, हातानं दोन फेऱ्या फिरवून व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर बघता येतं. मी प्लॅस्टिसिन वापरतो, पोरांच्या दप्तरातलं.

मग जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र. हवा जास्त ओढली जाते, कार्बोरेटरचा जेट तोच राहतो. त्यात आता ई२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिक्स्चर आणखी पातळ पडतं. आपल्याच उसाचं इथेनॉल, पण आपल्याच जुन्या कार्बोरेटरला सोसत नाही. फ्युएल इंजेक्शनची नवी गाडी सेन्सरवरनं सांभाळून घेते, जुनीला माणसानंच सांभाळायचं. मेन जेट एक-एक पायरी वाढवत जा. लांब चढ चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करा, थंड झाल्यावर प्लग काढून बघा. टोकाची चिनी माती पांढरी फटक असेल तर मिक्स्चर पातळ, बिस्किटी असेल तर ठीक, काळी काजळी असेल तर जेट जास्त. मोठ्या बोअरला प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) लागू शकतो. एनजीकेमध्ये आकडा मोठा तो प्लग थंड, उलटं धरू नका.

क्लचप्लेटा जुन्या असतील तर त्याही घसरणार. वाढलेला २० टक्के टॉर्क त्यांच्यावरनंच जातो.

आरसीबुक
तांत्रिक बाजू झाली, कागदाची राहिली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकानं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या माहितीत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सीसी ही आरसीवरची नोंद आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि विमा. थर्ड पार्टीचे दुचाकीचे टप्पे ७५ सीसीपर्यंत, ७५ ते १५०, १५० ते ३५० आणि त्यापुढं असे आहेत. तुमची १४९ सीसीची गाडी दुसऱ्या टप्प्यात. ब्लॉक बदलला की ती प्रत्यक्षात तिसऱ्यात जाते, कागद मात्र दुसऱ्याचा. दसरा चौकात कोणी बोअर मोजत नाही हे खरं. पण अपघात झाला आणि दावा केला तर सर्व्हेअर इंजिन उघडायला सांगू शकतो. मागं घरचं माणूस बसवून फिरणाऱ्यानं हा विचार करावा.

ढब्बू_मिरची
ह्ये मातर इचार करायला लावलंस गड्या. माझी पॉलिसी काढून बघतो.

साळवणकर
भटक्याभाऊ, तुम्हाला वेग नकोय, घाटात ओढ पाहिजे. मग मागचं स्प्रोकेट दोन दात मोठं लावा. बेचाळीस-त्रेचाळीस दातांवर दोन म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास ओढ वाढते. बिग बोअरसारखी नाही, पण करूळच्या वळणांवर जाणवते. हायवेला त्याच स्पीडला आरपीएम थोडे चढे राहतील. गोकुळ शिरगाव काही लांब नाही, सोसेल. चेन जुनी असेल तर पूर्ण सेटच बदला, नव्या स्प्रोकेटला जुनी चेन खाते. खर्च किटच्या मानानं किरकोळ.

एमएच०९_भटक्या
सगळ्यांचं वाचलं, घरीही चर्चा झाली. विम्याचं ऐकून मंडळी म्हणाली, मग कशाला? ब्लॉक खोलून उद्यमनगरात मोजून घेतला. रॉड वर-खाली अजिबात हलत नाही, खालचं इंजिन चांगलं आहे. बोअर वरच्या बाजूला ०.०८ नं घासलाय आणि जरा अंडाकृती झालाय. मोजणाऱ्या मिस्त्रींनी ०.२५ च्या ओव्हरसाइजमध्ये साफ होईल असं सांगितलं. तेच करतोय, आणि मागं दोन दात. बोअरिंगला देताना काय काळजी घ्यायची ते सांगा.

बोअरगेज
पिस्टन आधी घ्या, मग बोअर मारायला द्या. पिस्टन हातात असल्याशिवाय बोअर मारणाऱ्याकडं जाऊच नका. '०.२५ चा मारून ठेवतो' म्हणणारा नुसत्या आकड्यावर मारणार, तुमच्या पिस्टनवर नाही. शेवटचं माप होनिंगनं काढायचं, होनच्या रेघा एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या दिसल्या पाहिजेत, आरशासारखी गुळगुळीत भिंत नको. परत मिळाल्यावर ब्लॉक नुसता रॉकेलनं पुसू नका. गरम पाणी, साबण आणि ब्रशनं घासून धुवा, वाळवा, लगेच ऑइल लावा आणि पांढरं फडकं फिरवा. फडकं करडं निघालं तर परत धुवा. होनिंगची पूड आत राहिली तर ती रिंगा खाणार.

रिंगांची तोंडं एका रेषेत ठेवू नका. हेड टॉर्क रेंचनंच, आडव्या-तिडव्या क्रमानं आवळून घ्या. सुरुवातीला उभ्या गाडीवर तासभर आयडल ठेवू नका, त्यानं रिंगा बसत नाहीत. हलक्या हातानं चालवा, थ्रॉटल कमी-जास्त करत राहा, एकाच स्पीडला लांब पळवू नका. पहिलं ऑइल ३००-५०० किलोमीटरला काढून टाका, त्यात जेवढा कीस दिसेल तेवढा पुढच्या ऑइलमध्ये दिसायला नको. तोपर्यंत करूळला जाऊ नका, जोतिबापर्यंत ठीक.

एमएच०९_भटक्या
पिस्टन आजच घेतो. मिस्त्रींना पांढऱ्या फडक्याचं सांगितलं तर म्हणाले, हे कोण शिकवलं तुम्हाला?

बोअरगेज
त्यांना म्हणावं, या एकदा उद्यमनगरात. आणि जुना पिस्टन टाकू नका, येताना घेऊन या. कुठल्या बाजूला जास्त घासलाय ते बघून तुमचा फिल्टर गळतोय का ते सांगतो.